पांढरी सहा

निपाणीला गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. ओट्यावर बसलेल्या कुणीतरी विचारायचं, "गोव्याचे नव्हं तुम्ही? मग गिटार येत असणारच की!" मी नाही म्हणालो की समोरच्याचा चेहरा पडतो. कोल्हापूरच्या माणसाने 'मी तिखट खात नाही' म्हणावं तसं काहीतरी. हिंदी सिनेमाने आपलं जे चित्र करून ठेवलंय त्यात गोवेकराच्या एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात गिटार. माझ्या हातात सरकारी फाईल असते हे त्यांना कसं पटावं?

खरं तर गिटार मला हवी होती. चौदा-पंधरा वर्षांचा होतो. आमच्या शेजारी एक वयस्क ख्रिस्ती गृहस्थ राहायचे. लदीन असली, लग्नाआधीचा रोस असला की ते गिटार घेऊन निघायचे. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळेत सोल्फा शिकलेला माणूस. कागदावरचं संगीत पेपर वाचावा तसं वाचायचे. मी त्यांच्या बल्काँवावर जाऊन बसायचो. एके दिवशी त्यांनी आपली जुनी गिटार, एक तार नसलेली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "व्हर, शीक."

घरी आणली. बाबा देवळातल्या भजनात पेटी वाजवायचे. त्यांनी गिटारीकडे पाहिलं, ओरडले नाहीत, मारलं नाही. "तें आपलें न्हय," एवढंच म्हणाले. संध्याकाळी स्वतः गिटार उचलली, सोबत अंगणातले दोन नारळ घेतले आणि शेजारी नेऊन परत केली. नारळ कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्यांनाही थोडं ओशाळल्यासारखं झालं असावं.

असो. आज सांगायचंय ते वेगळंच. पण हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

निपाणी म्हणजे माझं आजोळ. मामा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. दिवसभर हिशेबाची वही आणि रात्री पेटी. तरुणपणी ते दर रविवारी एसटीने बेळगावला पेटी शिकायला जायचे. बेळगाव हे पेटीचं गाव, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे कोण जाणे. विठ्ठलराव कोरगावकर बेळगावचेच. तसेच पं. रामभाऊ विजापुरे. जन्म १९१७ चा, कागवाडचा. सगळी हयात बेळगावात गेली, २०१० साली वारले. मोठमोठ्या गवयांना साथ केली आणि पिढ्यानपिढ्या विद्यार्थी घडवले. घरी कानडी बोलणारी मुलं आणि मराठी बोलणारी मुलं एकाच सतरंजीवर बसून शिकली. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, तेही पेटीवालेच. मामा प्रत्यक्ष मास्तरांकडे नव्हे, तर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे शिकले. पण 'आमचे मास्तर' म्हणताना हात कानाच्या पाळीला जायचा तो विजापुऱ्यांच्या नावाने.

तर २०१८ च्या जानेवारीत बंगळुरूला हार्मोनियमचं जागतिक संमेलन भरायचं होतं. शुक्रवार ते रविवार, तीन दिवस, देशातले आणि परदेशातले वादक. पुढाकार डॉ. रवींद्र काटोटी यांचा, म्हणजे विजापुरे मास्तरांच्याच शिष्याचा. मामांनी पेपरात वाचलं आणि मला फोन केला. "भाचेबुवा, जन्मभर गवयाच्या डाव्या अंगाला बसून वाजवलं. पेटीला मधोमध बसवलेलं बघायचंय एकदा. नेशील का?" मामांचे गुडघे गेलेले, एकट्याने प्रवास जमणारा नव्हता. त्यांच्या मुलाचं दुकान, त्याला सवड नाही. मी म्हटलं, नेतो.

नेलं नाही.

रजा मंजूर होती. आदल्या आठवड्यात साहेब म्हणाले, "जमलं तर थांबा हो, वर्षाअखेरचं काम आहे." जमलं तर, असं म्हणाले. मी सरळ जाऊ शकलो असतो. पण रात्रभराची बस, म्हाताऱ्या माणसाला सांभाळणं, तीन दिवस नुसती पेटी... मला निमित्तच हवं होतं. मामांना फोन करून सांगितलं, ऑफिसचं काम आलं. "काम आधी," मामा म्हणाले. विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला.

त्याच वर्षी दिवाळीत पुन्हा फोन आला. "भाऊबिजेला ताईला घेऊन येशील तेव्हा दोन दिवस राहा. नातवाशी बोलायचंय तू."

नातू म्हणजे बाबू. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला. त्याने मोबाईलवर बघून बघून गिटार शिकली होती. आणि सिनेमातली गाणी वाजवायची गिटार नव्हे, नायलॉनच्या तारांची, बोटांच्या नखांनी वाजवायची शास्त्रीय गिटार. कोल्हापुरात एक शिक्षक मिळाले, त्यांच्याकडे पंधरवड्यातून एकदा जायचा. आता त्याला डिसेंबरात कोलकात्याला जायचं होतं. तिथे शास्त्रीय गिटारचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, देशोदेशीचे वादक येतात, वाजवतात आणि शिकवतातही. वडिलांनी साफ नाही म्हटलं होतं. घरात आठ दिवस अबोला. मला वाटलं, पोराची समजूत घालायला मला बोलावलंय. माझ्याइतका लायक माणूस कोण? गोव्याचा असून गिटार न येणारा!

शुक्रवारी, ९ नोव्हेंबरला, आईला घेऊन चोर्ला घाट चढलो. बेळगावला बस बदलली. महामार्गावर कानडी पाट्या, आतल्या रस्त्याला मराठी पाट्या, बसमध्ये दोन्ही भाषा. तवंदीचा घाट उतरला की निपाणी. रात्री ओवाळणी झाली, फराळ झाला. चिवडा तोंडात टाकत मी बाबूला म्हटलं, वाजव बघू काहीतरी.

त्याने गिटार काढली. तारा उतरल्या होत्या. मोबाईलला हात घालणार तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, तो मामांकडे वळला. "आजोबा, पांढरी तीन द्या की."

मामांनी पेटी पुढे ओढली. भाता उघडला की त्या पेटीतून तंबाखूचा वास येतो, इतकी वर्षं वखारीजवळच्या घरात राहिलेली. मामांनी पांढरी तीन धरली. बाबूने जाडी तार जुळवली. मग पांढरी सहा, मग पांढरी दोन, पाच, सात आणि शेवटच्या बारीक तारेला पुन्हा पांढरी तीन. मला पहिल्यांदाच कळलं की त्या सहा तारा म्हणजे पेटीच्याच पट्ट्या आहेत. इतकी वर्षं मी त्या दोन वाद्यांच्या मधे राहत होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं.

बाबूने जाड्या तारेवर पाचव्या पडद्याशी बोट ठेवलं आणि तिच्या शेजारची तार मोकळी छेडली. हे दोन सूर एकच यायला हवेत. येत नव्हते. दोघांच्या मधे एक थरथर ऐकू येत होती, वँव-वँव अशी. त्याने पुन्हा पांढरी सहा मागितली, पुन्हा जुळवली, पुन्हा तेच.

"आजोबा, तुमची पांढरी सहा उतरलीय."

मामा काही क्षण गप्प. मग म्हणाले, "पेटी उतरत नसते. तारा उतरतात."

"तसं नव्हं आजोबा, हे बघा की," म्हणून त्याने मोबाईल पुढे केला. त्यात काटा होता, सूर कुठे आहे ते दाखवणारा. मामांनी काट्याकडे पाहिलंच नाही. भाता मिटला, कडी लावली, पेटीवर वस्त्र घातलं आणि झोपायला गेले. मामी मला स्वयंपाकघरातून खुणेने म्हणाल्या, आता बोलू नका.

सकाळी उठतो तर मामा धोतर-कोट घालून तयार. पेटी चादरीत बांधलेली. "बेळगावला जायचंय. पेटी दाखवायची." माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू उचल." आणि बाबूकडे न पाहता, "तूही चल."

बसमध्ये तासभर कुणी बोललं नाही. हत्तरगीच्या पुढे मामांनीच सुरुवात केली. "काय रे, तुझ्या त्या गिटारीला तिच्या गावात तरी मान आहे काय?" बाबूला तेवढंच हवं होतं. त्याने सांगितलं की स्पेनमध्येसुद्धा गिटार हे गुत्त्यातलं आणि न्हाव्याच्या दुकानातलं वाद्य समजलं जायचं. आजच्या गिटारीचा आकार आंतोनिओ दे तोर्रेस नावाच्या सुताराने एकोणिसाव्या शतकात बसवला. मग आंद्रेस सेगोव्हिया आला, १८९३ चा जन्म. गिटार मैफलीच्या मंचावर एकटी बसू शकते हे पटवण्यात त्याचा सारा जन्म गेला. "१९८७ ला वारला, आजोबा. म्हातारपणीसुद्धा मैफली करायचा."

मामा खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या पेटीलाही बाहेर काढली होती."

आणि त्यांनी ती हकीकत सांगितली. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली. कारण काय, तर ती परदेशी आहे, तिचे सूर पट्टीत पक्के बांधलेले, तिच्यात मींड नाही, दोन सुरांच्या मधली जागा नाही. हे म्हणणारे काही लहान लोक नव्हते. खुद्द रवींद्रनाथांना पेटी नको होती. १९७१ साली बंदी उठायला लागली, तोवर तीस वर्षं गेली. "धारवाड केंद्रावर गाणं लागलं की साथीला सारंगी. आणि तेच बुवा आठवड्याने बेळगावात गायला आले की साथीला पेटी. रेडिओवर परकी, मैफलीत घरची. आमचे लोक वाजवत राहिले म्हणून राहिली ती."

मला बाबांचं वाक्य आठवलं. तें आपलें न्हय. जी पेटी 'आपली' म्हणून बाबांनी गिटार परत केली होती, तिलाही कुणीतरी, फार मोठ्या माणसांनी, हेच म्हटलं होतं.

बेळगावातलं ते दुकान म्हणजे एक खोली. चारी बाजूंना उघड्या पेट्या, पट्ट्या नसलेल्या, दात काढलेल्या माणसांसारख्या. कारागीर मामांच्या ओळखीचा. गिऱ्हाइकाशी कानडी, आमच्याशी मराठी, फोनवर हिंदी. त्याने पेटी उघडली, भाता दाबला आणि मान वर न करताच म्हणाला, "सहावी गेली की हो."

बाबू काही बोलला नाही. शहाणा मुलगा.

पितळेची ती रीड त्याने बाहेर काढली. बोटाच्या पेराएवढी पट्टी, मधे एक पातळ जीभ. जिभेच्या टोकाशी घासलं तर सूर चढतो, बुडाशी घासलं तर उतरतो. एक घासणी, मग फुंकर, मग ऐकणं, पुन्हा एक घासणी. जास्त घासली तर जीभ कमजोर होऊन तुटते. शेजारच्या रीडवर त्याने खडूने कानडी आकडा घातला. बाबू तिथेच उकिडवा बसला. त्याला एवढं गुंग झालेलं मी पाहिलं नव्हतं. कारागिरानेही फुरसतीने दाखवलं आणि म्हणाला, हे वाद्य पॅरिसचं, अलेक्झांद्र दबाँ नावाच्या माणसाने १८४० च्या सुमारास काढलं. पण ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं. मांडी घालून बसणाऱ्या माणसासाठी हाताच्या भात्याची पेटी केली ती कोलकात्यात, द्वारकानाथ घोषांनी.

"कुठं?" मामांनी विचारलं.

"कोलकात्यात."

मामा उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी मागोमाग गेलो. पेटी तयार व्हायला अजून दोन तास होते. चहा मागवला. मामा बशीत चहा ओतत म्हणाले,

"दोन वर्षं झाली ती पट्टी उतरून. मला काय कळत नव्हतं होय? मी ती मनातल्या मनात चढवून ऐकत होतो. भजनात कुणी बोललं नाही. म्हाताऱ्याला कशाला सांगा! पोरानं सांगितलं." थोडं थांबून म्हणाले, "खोटं बोलला नाही. कान आहे त्याला."

मी 'हो' म्हटलं.

"जानेवारीत मी बॅग भरून ठेवली होती," मामा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, पाऊस पडला होता म्हणावं तसं. "तुझा फोन आल्यावर काढायची राहिली. तीन दिवस दाराशीच होती. शुक्रवार, शनिवार, रविवार. मी आपला रोज घड्याळ बघायचा. आता पहिलं सत्र सुरू झालं असंल, आता जेवायला सुटली असतील."

चहा घशाखाली उतरेना. माफी मागावी असं वाटलं, पण दहा महिन्यांनी मागितलेली माफी कसली?

"त्याला तू कोलकात्याला घेऊन जा," मामा म्हणाले. "त्याच्या बापाशी मी बोलतो. आमची पेटी तिकडूनच आली, मग ह्याला तिकडं जायला काय हरकत आहे? पैसे मी देतो. पण ने. नेतो म्हणून नेऊ नकोस असं करू नकोस."

मी समजत होतो की पोराला अडवायला मला बोलावलंय. मामांनी मला बोलावलं होतं ते माझंच राहिलेलं काम पुरं करून घ्यायला.

दुपारी पेटी घेऊन निघालो. मामांनी कुंदा घेतला. रात्री निपाणीत बाबूने पुन्हा तारा जुळवल्या. पांढरी तीन, पांढरी सहा. पाचव्या पडद्यावर बोट ठेवलं, शेजारची तार छेडली. थरथर नव्हती. दोन सूर एकात एक मिसळून गेले. मामांनी भाता धरून ठेवला, सोडवेना त्यांना. मग ते आपल्या नेहमीच्या भूपाकडे वळले आणि बाबू चाचपडत मागून जाऊ लागला. खूप चुकला. मामा म्हणाले, "मींड तुझ्यातही नाही, माझ्यातही नाही. दोघेही तुटक्या पायाचे. पण ब्रिजभूषण काबरांनी ह्याच गिटारीला मांडीवर आडवी घेतली, तारेवर कांडी फिरवली आणि मींड काढली. १९६७ ची रेकॉर्ड आहे, संतूर-बासरीबरोबरची, 'कॉल ऑफ द व्हॅली'. वाद्यात नसलेलं मागायला माणूस हट्टी लागतो."

त्या सप्टेंबरात आपल्या बोरीचे पं. तुळशीदास बोरकर गेले होते. मामांनी ती रात्र त्यांच्या आठवणींवर घालवली आणि मला म्हणाले, "तुमच्या गोव्यात एवढा पेटीवाला झाला, तर लोक तुम्हाला गिटारीचं का विचारतात रे?" याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

सोमवारी ऑफिसात पहिलं काम केलं ते रजेचा अर्ज. साहेबांनी विचारलं, "जरा पुढे ढकलता येणार नाही?" मी म्हटलं, "नाही." इतकं सोपं होतं ते!

वास्कोहून हावड्याला अमरावती एक्सप्रेस जाते. मी मडगावला बसलो, बाबू लोंढ्याला चढला, बापाने आणून सोडला. लांबचा प्रवास. महोत्सवातल्या वादकांची नावं आज मला धड सांगता येणार नाहीत, आणि त्या बाबतीत मी बोलूही नये. लक्षात राहिलं ते हे, की नायलॉनच्या तारेचा आवाज मुळात लहान असतो. ऐकणाऱ्याला श्वास जपून घ्यावा लागतो. एवढी माणसं एका लहान आवाजासाठी इतकी गप्प बसलेली मी देवळातसुद्धा पाहिली नव्हती. बाबू पहिल्या रात्री म्हणाला, "काका, माझ्याहून लहान पोरं माझ्याहून कितीतरी चांगली वाजवतात." मला वाटलं खचला. तर म्हणाला, "बरं झालं कळलं." रात्री त्याने आजोबांना फोन लावला आणि मंचावरच्या खुर्चीपासून पायाखालच्या ठोकळ्यापर्यंत सगळं सांगितलं. पलीकडून मामा एकच विचारत होते, "मधोमध बसतात नव्हं? एकटेच?"

मामा २०२१ साली गेले. पेटी बाबूकडे आहे. त्याला ती वाजवता येत नाही, पण आठवड्यातून एकदा उघडून भाता मारतो. नाहीतर चामडं आखडतं, असं बेळगावच्या कारागिराने सांगितलेलं. तारा जुळवायला मोबाईल आहे, तरी तो पांढरी तीनच धरतो.

आणि मी? गेल्या वर्षी एक साधी गिटार घेतली. बाबू फोनवरून शिकवतो. तीन कॉर्ड येतात, चौथ्याला बोटं दुखतात. परवा निपाणीत ओट्यावरच्या एकाने नेहमीचा प्रश्न विचारला, "गोव्याचे नव्हं? गिटार येत असणार!"

"शिकतोय," म्हटलं.